हिरवा दिवा खरं बोलतो का?

सुट्टीत पुण्याला गेलेल्या मुलांना हमखास आवडणारी एक जागा म्हणजे कोथरूडचं छोट्या रेल्वेंचं संग्रहालय. भाऊसाहेब जोशी यांनी जमवलेलं हे जग १९९८ मध्ये लोकांसाठी खुलं झालं. मुलं धावत्या गाड्या बघतात. पण मैत्रिणींनो, या खेळातली खरी हुशारी असते ती गाड्या चालवणाऱ्या कंट्रोल पॅनेलमध्ये, आणि ती घरीही शिकता येते बरं का!

हौशी मंडळी एका फळीवर आपल्या रुळांचा नकाशा रंगवतात. रुळाला फाटा फुटतो तिथे सांधा असतो. सांधा सरळ असला की नकाशावर हिरवा दिवा, वळणाकडे असला की तांबडा. हे दिवे म्हणजे गणपतीच्या माळेत असतात तेच इवलेसे एलईडी.

एलईडीला दोन पाय असतात. लांब पाय अधिक बाजूला, आखूड पाय उणे बाजूला. उलटं जोडलं तर तो पेटतच नाही. तांबड्या एलईडीला साधारण २ व्होल्ट पुरतात आणि आपला अडॅप्टर असतो १२ व्होल्टचा. उरलेले १० व्होल्ट अडवायला मध्ये रेझिस्टर घालायचा. तो १००० ओहमचा घेतला की १० मिलिअँपिअर वीज जाते. तेवढ्यात दिवा छान दिसतो आणि टिकतोही. चार पट्ट्यांच्या अशा रेझिस्टरवर पहिल्या तीन पट्ट्या तपकिरी, काळी, लाल असतात. हिरव्यालाही हाच चालतो. दोन्हींपैकी एका वेळी एकच दिवा लागणार, म्हणून दोघांना मिळून एक रेझिस्टर पुरतो. घरातल्या २३० व्होल्टच्या विजेला मात्र ही जोडणी कधीही लावायची नाही. आणि सोल्डरिंग करताना मोठ्या माणसाने जवळ बसायचं.

आता खरा प्रश्न. दिव्याची वायर आणायची कुठून? सोपा मार्ग म्हणजे सांधा बदलायच्या बटणापासूनच. पण मग दिवा काय सांगतो? बटण दाबलं, एवढंच! सांधा अडकला, मध्ये खडा आला, तरी दिवा आपला हिरवागार. सुनेला "गॅस बंद केलास का?" विचारलं आणि तिने स्वयंपाकघरात न जाताच "हो" म्हटलं, तसंच हे.

म्हणून जाणकार सांध्याजवळ तीन पायांचा एक बारीक स्विच बसवतात. सांध्याची सरकती पट्टी स्वतः तो दाबते. स्विचच्या सामाईक पायाला अधिकची वायर आणि उरलेल्या दोन पायांना दोन दिवे. दोन्ही दिव्यांचे आखूड पाय एकत्र करून रेझिस्टरमधून उणेला. आता दिवा हुकूम सांगत नाही, घडलं ते सांगतो.

खेळातली ही गोष्ट खऱ्या रुळांवर जिवाची होते. २ जून २०२३ रोजी ओडिशात बालासोरजवळच्या बहानगा बाजार स्थानकात कोरोमंडल एक्स्प्रेसला सरळ जाण्याचा हिरवा सिग्नल होता. सांधा मात्र बाजूच्या रुळाकडे वळलेला. गाडी तिथे उभ्या असलेल्या मालगाडीवर आदळली आणि २९० हून अधिक माणसं गेली. सिग्नलच्या जोडणीत बदल करताना राहिलेल्या त्रुटी रेल्वे सुरक्षा आयुक्तांच्या चौकशीत पुढे आल्या. चालकाने दिव्यावर विश्वास ठेवला. त्याने दुसरं काय करायचं होतं?

सामाजिक कामातही मी हेच बघते. कागदावर नळयोजना पूर्ण असते आणि बाया हंडे घेऊन उभ्या असतात. बटण दाबल्याचा दिवा लागलेला असतो, सांधा हललेलाच नसतो.

तेव्हा या सुट्टीत दोन एलईडी, एक रेझिस्टर, एक स्विच आणा. इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात हे सगळं थोडक्या पैशांत मिळतं. मुलांबरोबर मुलींनाही बसवा हं! ठिपके मोजून रांगोळी काढणाऱ्या हातांना ही जोडणी काही अवघड नाही. काम झालं की परीक्षा घ्या. बटणाला हात न लावता सांधा बोटाने सरकवा. हिरवा जाऊन तांबडा लागला, तर तुमचा दिवा खरं बोलतो.