गोष्टीतला पेच सोडवायचा कुणी?

गोष्टीत पेच पडला की तो सोडवायचा कुणी? लेखकाने, दैवाने की पात्राने? उत्तरासाठी परक्या मुलखातली कादंबरी उघडायला नको. आपल्या हिंगोली जिल्ह्यातल्या नरसीच्या नामदेवांची आख्यायिका घ्या. इतिहासातले नामदेव (१२७०–१३५०) बाजूला ठेवा. आपण बोलतो आहोत ते कीर्तनकाराच्या आख्यानातल्या पात्राविषयी.

संतांच्या मेळ्यात गोरोबाकाका थापटण्याने एकेकाचे डोके तपासतात आणि ठरवतात, नामदेवाचे मडके कच्चे! आता या पात्राने काय करावे? आईकडे धाव घेणाऱ्या लेकरासारखा तो विठ्ठलाकडे गाऱ्हाणे घेऊन जातो. विठ्ठल म्हणाला असता, 'त्यांचं काय ऐकतोस?', तर गोष्ट तिथंच संपली असती. पण देवही म्हणतो, गुरू कर. सांगणाऱ्याने सोपी वाट बंद केली, ती इथे. ही वाट बंद करायला धीर लागतो. पुष्कळ कथालेखकांना तो नसतो.

मग औंढा नागनाथ. देवळात विसोबा खेचर पिंडीवर पाय ठेवून निजलेले. नामदेव संतापतात. म्हातारा शांतपणे म्हणतो, 'बाबा, जिथं देव नाही तिथं ठेव माझे पाय.' नामदेव पाय उचलतात, जिथे ठेवावे तिथे पिंड! बघा, पाय उचलणारे हात नामदेवांचेच आहेत. आपलेच म्हणणे खरे करायला निघालेला माणूस आपल्याच हाताने ते खोटे ठरवतो. चमत्कार काढून टाका. तरी म्हाताऱ्याचा प्रश्न उरतोच, आणि नामदेवांना बदलावेच लागते.

औंढ्याचीच दुसरी कथा अधिक लोकप्रिय आहे. पुजाऱ्यांनी पुढे कीर्तन करू दिले नाही, म्हणून नामदेव देवळामागे गेले आणि देऊळच त्यांच्याकडे फिरले. इथे पेच देव सोडवतो, म्हणून मला ही कथा रचनेच्या दृष्टीने जरा उणी वाटते. तरीपण तिच्यातही पात्राची एक कृती आहे. नामदेव भांडत नाहीत, घरीही परतत नाहीत. मागच्या अंगणात टाळ वाजतच राहतो. तो थांबला असता, तर देऊळ फिरून तरी कुणाकडे पाहणार होते?

औंढ्याला गेलात तर नंदी देवळाच्या मागल्या बाजूला दिसेल. त्याच्याकडे बोट दाखवून कुणीतरी ही गोष्ट तुम्हाला सांगेलच.