नवा कन्व्हर्टर, तरीही पिवळा दिवा

मोटारीचा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर निकामी झाला म्हणून बदलला. कंपनीच्या सुट्या भागाची किंमत ऐकून डोळे पांढरे झाले, तेव्हा बाजारात मिळणारा दुसऱ्या बनावटीचा, बराच स्वस्त कन्व्हर्टर बसवला. गाडी गॅरेजमधून बाहेर पडली तेव्हा डॅशबोर्डवर काहीच तक्रार नव्हती. चार दिवस बोईसर-पालघर ये-जा झाली आणि एका सकाळी इंजिनाच्या आकृतीचा पिवळा दिवा पुन्हा लागला. अशा वेळी गाडीमालकाला तीन सल्ले हमखास मिळतात. सेन्सर बदला, दिव्याकडे दुर्लक्ष करा, नाहीतर एखाद्या ‘जाणकारा’कडून दिवाच कायमचा बंद करून घ्या. तिन्ही सल्ले घाईचे आहेत आणि तिन्हींत पैसे वाया जाण्याची शक्यता मोठी आहे.

दिवा का लागतो, हे समजण्यासाठी कन्व्हर्टरचे काम थोडे जाणून घ्यायला हवे. पोलादी डब्यात मधाच्या पोळ्यासारखी बारीक जाळी असलेली सिरॅमिकची वीट असते. जाळीच्या भिंतींवर प्लॅटिनम, पॅलेडियम आणि ऱ्होडियम या मौल्यवान धातूंचा अत्यंत पातळ लेप असतो. इंजिनातून येणारा कार्बन मोनॉक्साइड, न जळलेले इंधन आणि नत्राची ऑक्साइडे या लेपाच्या सान्निध्यात कार्बन डायऑक्साइड, पाण्याची वाफ आणि नत्र यांत बदलतात. लेपात सिरियम ऑक्साइडही असते. वायूंत प्राणवायू जास्त झाला की ते तो साठवते आणि कमी पडला की परत देते. ही साठवणूकच पुढच्या साऱ्या गोष्टीचे मर्म आहे.

कन्व्हर्टरच्या आधी एक आणि नंतर एक असे प्राणवायू मोजणारे दोन सेन्सर असतात. गॅरेजच्या भाषेत ते ‘ओटू सेन्सर’. इंजिनाचा संगणक पेट्रोल आणि हवेचे प्रमाण आदर्श मानल्या जाणाऱ्या एकास १४.७ च्या आसपास खाली-वर करीत राहतो, त्यामुळे पुढच्या सेन्सरचा संकेत सतत झुलतो. जुन्या पद्धतीच्या सेन्सरमध्ये हा झोका साधारण ०.१ ते ०.९ व्होल्ट असतो. कन्व्हर्टर सुदृढ असेल तर तो हे हेलकावे आपल्या साठ्यात जिरवून टाकतो आणि मागच्या सेन्सरचा संकेत ०.६ ते ०.७ व्होल्टच्या आसपास जवळजवळ स्थिर राहतो. मागचा सेन्सरही पुढच्याच्या तालावर झुलू लागला, की कन्व्हर्टरची साठवणूक संपत आली असा निष्कर्ष संगणक काढतो आणि ‘पी ०४२०’ हा संकेतांक नोंदवतो. म्हणजे संगणक प्रदूषण प्रत्यक्ष मोजत नाही. तो दोन सेन्सरची तुलना करून अंदाज बांधतो. अंदाज म्हटला की तो चुकण्याच्या वाटाही आल्या, आणि तपासणी सुरू करायची ती या वाटांपासून.

भारतात ही व्यवस्था तशी अलीकडची. १९९५ च्या एप्रिलपासून मुंबईसह चार महानगरांत नव्या पेट्रोल मोटारींना कन्व्हर्टर सक्तीचा झाला आणि त्यासाठी शिसेविरहित पेट्रोल आले. देशभर शिसेविरहित पेट्रोल २००० मध्ये पोहोचले. मधल्या काळात महानगराबाहेर चुकून शिसेयुक्त पेट्रोल भरले गेले तर कन्व्हर्टरवर विषप्रयोगच होत असे आणि मालकाला त्याचा पत्ताही लागत नसे. गाडीने स्वतःच्या धुराची तक्रार करण्याची सोय भारत स्टेज-४ मानकांबरोबर २०१० मध्ये आली आणि २०१३ पासून ती अधिक कडक झाली. एप्रिल २०२० पासून लागू झालेल्या भारत स्टेज-६ मानकांनी या तक्रारीची मर्यादा आणखी खाली आणली. जुन्या गाडीत खपून गेलेला सुमार कन्व्हर्टर नव्या गाडीत पकडला जातो, तो यामुळेच.

पहिले काम म्हणजे स्कॅनर लावून संकेतांक वाचणे. मोबाइलशी जोडता येणारे छोटे स्कॅनर आता सहज मिळतात. मात्र केवळ ‘पी ०४२०’ पाहून थांबू नये, सोबत आणखी काय नोंदले आहे ते पाहावे. ‘पी ०३००’ असेल तर इंजिनाच्या सिलिंडरमध्ये ठिणगी चुकते आहे. ‘पी ०१७१’ म्हणजे मिश्रणात हवा जास्त, ‘पी ०१७२’ म्हणजे इंधन जास्त. ‘पी ०१४१’ म्हणजे मागच्या सेन्सरच्या हीटरचे मंडल बिघडले आहे. हे संकेतांक असतील तर आधी ते दूर करायचे. ‘पी ०४२०’ त्यांच्या मागोमाग आलेला असू शकतो. दिवा लागला त्या क्षणी वेग, इंजिनाचे फेरे, तापमान काय होते याची नोंदही संगणक ठेवतो. ती उतरवून घेण्याआधीच पुष्कळ गॅरेजांत नोंद पुसली जाते, आणि तिच्याबरोबर निदानाचा मुख्य धागाही जातो. दिवा स्थिर न राहता लुकलुकत असेल तर गोष्ट निराळी. त्या वेळी न जळलेले पेट्रोल कन्व्हर्टरमध्ये पेट घेत असते, आणि वेग कमी करून गाडी लवकरात लवकर गॅरेजला नेणेच हिताचे.

यानंतर पाहायची ती गळती. कन्व्हर्टर नुकताच बदललेला असल्याने शंका प्रथम जोडावरच घ्यायला हवी. नव्या डब्याची फ्लँज किंचित वाकडी असते, गास्केट जुनेच वापरलेले असते, कधी वेल्डिंगमध्ये सुईच्या टोकाएवढे छिद्र राहते. एक्झॉस्टमधला दाब ठोक्याठोक्याने वर-खाली होतो. दाब उतरला की अशा फटीतून बाहेरची हवा आत ओढली जाते, मागच्या सेन्सरला जादा प्राणवायू दिसतो आणि चांगल्या कन्व्हर्टरवर ठपका येतो. थंड इंजिन सुरू करून जोडाजवळ बारीक ‘टक्टक्’ ऐकू येते का ते पाहावे, साबणाचे पाणी लावून बुडबुडे तपासावेत. सातपाटी, केळवे, चिंचणी, तारापूर या किनाऱ्यालगतच्या भागात खारी हवा लोखंड लवकर खाते. जुन्या पाइपच्या गंजलेल्या तोंडाला नवा डबा जोडला असेल तर ही तपासणी वगळूच नये. गळती बुजवायला सिलिकॉनचे सीलंट मात्र फासू नये, कारण त्याची वाफ सेन्सरला कायमची निकामी करते.

सेन्सरची पाळी त्यानंतर. काम करताना सेन्सर काढून पुन्हा बसवलेला असतो. त्याची वायर तापलेल्या पाइपला टेकली आहे का, कनेक्टर पूर्ण बसला आहे का, टोकाला ग्रीस लागले आहे का, हे नुसत्या डोळ्यांनी दिसते. सेन्सर खरोखरच मेला आहे की नाही हे स्कॅनरवरील आलेखावरून ठरते. मागचा सेन्सर पुढच्याबरोबर व्यवस्थित झुलत असेल तर तो बहुधा आपले काम चोख करतो आहे. वाईट बातमी आणणाऱ्या दूतालाच बदलण्याची घाई येथे सर्वाधिक होते. काही मेकॅनिक इन्फ्रारेड तापमापकाने कन्व्हर्टरची दोन्ही टोके मोजून निर्वाळा देतात. आधुनिक इंजिनाच्या वायूंत जाळण्यासारखे फार थोडे उरलेले असल्याने त्या फरकावर विसंबता येत नाही.

खरा प्रश्न वेगळाच असतो आणि तो सहसा विचारला जात नाही. मूळ कन्व्हर्टर गेला कशाने? कन्व्हर्टर आपणहून क्वचितच मरतो, बहुतेकदा त्याला इंजिन मारते. पिस्टनच्या रिंगा झिजून तेल जळत असेल तर त्यातली द्रव्ये लेपावर थर धरतात. इंजेक्टर गळत असेल तर जादा पेट्रोल विटेत जळते. मुंबई-पालघर पट्ट्यात सीएनजी किट बसवलेल्या गाड्या पुष्कळ आहेत. गॅसला ठिणगी जोरकस लागते. स्पार्क प्लग वेळेवर बदलले नाहीत, किंवा किटचे ट्यूनिंग बिघडले, तर ठिणगी चुकू लागते आणि कन्व्हर्टर नऊशे-हजार अंशांच्या घरात तापून त्याच्यावरील धातूंचे कण एकमेकांत मिसळून निकामी होतात. पावसाळ्यात तापलेला कन्व्हर्टर साचलेल्या पाण्यात बुडाला किंवा खड्ड्यात आपटला, तर आतली वीट तडकते. कारण शिल्लक ठेवून डबा बदलला तर नवा डबाही त्याच वाटेने जाणार.

आणखी एक गोष्ट स्थानिक आहे. डहाणूपर्यंत उपनगरी लोकल एप्रिल २०१३ मध्ये धावू लागली. त्यानंतर पालघर, बोईसरच्या अनेक नोकरदारांची मोटार घर ते स्टेशन एवढीच चालते. दोन-तीन किलोमीटरच्या फेरीत कन्व्हर्टर अडीचशे-तीनशे अंशांपर्यंत पोहोचतच नाही, आणि त्याखाली तो जवळजवळ निष्क्रिय असतो. शिवाय नोंद पुसल्यानंतर कन्व्हर्टरची परीक्षा पूर्ण व्हायला संगणकाला तापलेले इंजिन आणि काही काळ स्थिर वेग लागतो. दिवाही सहसा दोन लागोपाठच्या फेऱ्यांत दोष आढळला तरच लागतो आणि तीन निर्दोष फेऱ्यांनंतर मालवतो. म्हणून दुरुस्तीनंतर नुसते कॉलनीत फिरून ‘दिवा लागला नाही’ म्हणणे व्यर्थ आहे. पालघरहून मनोरमार्गे किंवा बोईसरहून चिल्हारमार्गे राष्ट्रीय महामार्ग ४८ गाठावा, १५-२० मिनिटे ६० ते ८० च्या स्थिर वेगाने जावे, अधूनमधून पाय काढून गाडी आपोआप मंदावू द्यावी. त्यानंतर स्कॅनरमध्ये कन्व्हर्टरची चाचणी ‘पूर्ण’ दिसली तरच निकाल खरा.

एवढे करूनही ‘पी ०४२०’ परतला, तर दोष त्या स्वस्त डब्याचाच मानायला हरकत नाही. बाहेरून दोन डबे सारखे दिसतात. आतल्या मौल्यवान धातूंचे वजन आणि सिरियम ऑक्साइडचे प्रमाण मात्र कमी-जास्त असते, आणि किमतीतला फरक तिथेच असतो. कमी धातूचा डबा सुरुवातीचे काही दिवस परीक्षा उत्तीर्ण होतो, मग उतरणीला लागतो. अमेरिकेतही पर्यायी कन्व्हर्टरच्या कार्यक्षमतेची हमी २५ हजार मैलांची, म्हणजे सुमारे ४० हजार किलोमीटरची असते, तर मूळ कन्व्हर्टरची ८० हजार मैलांची. कॅलिफोर्नियात तर राज्याच्या हवा मंडळाचा मंजुरी क्रमांक डब्यावर कोरलेला लागतो. आपल्याकडे खरेदीपूर्वी निदान एवढे विचारावे की हा भाग नेमक्या याच इंजिनासाठी आणि याच भारत स्टेजसाठी आहे का, आणि दिवा लागल्यास तो परत घेतला जाईल का. हे उत्तर बिलावर लिहून घ्यावे. ‘सगळ्या गाड्यांना चालतो’ असे सांगितला जाणारा डबा भारत स्टेज-६ च्या गाडीला घेणे म्हणजे दुसरा खर्च आजच ठरवून ठेवणे आहे.

यापुढची वाट फसवणुकीची. मागच्या सेन्सरखाली पोकळ नट घालून त्याला वायूंच्या प्रवाहापासून दूर ओढायचे, किंवा संगणकातील परीक्षाच पुसून टाकायची. दिवा मालवतो, धूर तसाच राहतो. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०१८ च्या मूल्यांकनात तारापूर औद्योगिक क्षेत्र ९३.६९ गुणांसह देशातील सर्वाधिक प्रदूषित ठरले होते. तिथल्या कारखान्यांवर बोट ठेवणाऱ्यांच्या गाड्यांत असे नट असणे, हा विरोधाभास लहान नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम १९० नुसार हवेच्या प्रदूषणाच्या मानकांचा भंग करून वाहन चालवल्यास तीन महिन्यांपर्यंत कैद, दहा हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकते. पीयूसी प्रमाणपत्र मिळाले म्हणून निश्चिंत राहण्यातही अर्थ नाही. त्या चाचणीत गाडी उभी असतानाचा कार्बन मोनॉक्साइड व हायड्रोकार्बन मोजतात, नत्राची ऑक्साइडे मोजत नाहीत. पिवळा दिवा लागलेली गाडीही ती चाचणी पार करू शकते.

आणि जुना कन्व्हर्टर? तो गॅरेजमध्ये सोडून येण्याची प्रथा आहे. कंपनीच्या मूळ डब्यात, निकामी झाल्यावरही, प्लॅटिनम गटाचे धातू शिल्लक असतात आणि भंगाराच्या बाजारात त्याला चांगली किंमत येते. बिल चुकते करण्यापूर्वी तो परत मागावा, किंवा त्याची किंमत बिलातून वजा करून घ्यावी.