वाट सोन्याची, माल दुसराच

मंडळी, आज आपण चेण्यात जमलोय, तेव्हा सुरुवात जवळच्याच जागेपासून करू. इथून घोडबंदर रस्त्याने ठाण्याकडे निघालं की गायमुखानंतर नागला बंदर लागतं. १२ मार्च १९९३ ला मुंबईत बॉम्बस्फोट झाले, २५७ माणसं गेली. त्यानंतर नागला बंदरच्या खाडीत फेकलेली आरडीएक्सची पोती पोलिसांनी बाहेर काढली. खाडी आपलीच, चेण्याला लागून आहे ती.

अनुराग कश्यपचा 'ब्लॅक फ्रायडे' बघताना आपल्याला पडणारा प्रश्न हा, की इतका माल समुद्राची हद्द ओलांडून आला कसा?

त्यासाठी थोडं मागे जाऊ. १९६८ च्या सुवर्ण नियंत्रण कायद्याने सोन्यावर कडक बंधनं होती. परदेशात सोनं स्वस्त, इथे महाग. मग दहा तोळ्यांची बिस्किटं दुबईहून पडावांतून यायची. किनाऱ्यावर त्याला 'लँडिंग' म्हणत. होडीवाला, हमाल, ट्रकवाला, नाक्यावरचा शिपाई, प्रत्येकाचा वाटा ठरलेला. पेटीत काय आहे, हे विचारायचं नाही. लोकांनाही त्यात फारसं पाप वाटत नसे; १९७५ च्या 'दीवार'मधला तस्कर तर आपला नायकच!

१९९० मध्ये तो कायदा गेला, १९९२ पासून सोनं आणायला सवलतीही मिळाल्या. सोन्यातला नफा आटला. वाट मात्र तशीच राहिली, आणि वाटे घेणारी माणसंही.

९ जानेवारी १९९३ च्या रात्री रायगडच्या दिघीला माल उतरला. गोंडघर फाट्यावर पोलिसांनी गाड्या अडवल्या. म्हणजे हद्द तिथे जागी होती! पण सौदा झाला. रोकड कमी पडली, म्हणून चांदीच्या विटा तारण ठेवल्या आणि गाड्या सुटल्या. पुढे फेब्रुवारीत शेखाडीला आरडीएक्स उतरलं. खटल्यात पोलीस आणि कस्टमचे लोकही दोषी ठरले. आम्हाला विचाराल तर या कथेतली खरी सरहद्द समुद्रात नव्हतीच, ती त्या फाट्यावर होती.

चित्रपट हुसेन झैदींच्या पुस्तकावर बेतलेला. २००४ मध्ये तयार झाला, पण खटल्याचा निकाल बाकी असल्याने आरोपींच्या अर्जावरून न्यायालयाने प्रदर्शन थांबवलं. तो लागला फेब्रुवारी २००७ मध्ये. आम्हाला ही अडवणूक त्या वेळी जाचक वाटली होती, पण ज्याचा निवाडा व्हायचाय त्याला पडद्यावर आधीच गुन्हेगार ठरवायचं का, हा मुद्दा काही हलका नव्हे.

पुन्हा बघाल तेव्हा सुरुवातीचा प्रसंग नीट बघा. तारीख ९ मार्च. कोठडीतला एक जण सांगतो, मुंबईत स्फोट होणार आहेत. समोरचे पोलीस ते मनावर घेत नाहीत. मध्ये उरलेले असतात तीन दिवस.