रेसच्या आधी बाईकच्या टायरला ब्लँकेट का गुंडाळतात?

मोटोजीपीची रेस सुरू होण्याआधीचं दृश्य टीव्हीवर किंवा रीलमध्ये पाहिलं असेल, तर एक गोष्ट नजरेत आलीच असेल. ग्रीडवर बाईक स्टँडवर उभी असते, रायडरच्या डोक्यावर छत्री धरलेली असते आणि बाईकची दोन्ही चाकं जाड कापडात गुंडाळलेली असतात. त्या कापडातून वायर निघते आणि शेजारच्या जनरेटरला जाते. रेसला तीन मिनिटं उरल्याचा बोर्ड दिसला की मेकॅनिक ही कापडं काढून घेतात आणि बाजूला होतात.

या कापडाला टायर वॉर्मर म्हणतात. बाईकला नटवण्याशी त्याचा काहीही संबंध नाही. पहिल्याच वळणावर रायडर बाईकवर राहणार की ट्रॅकच्या बाहेर घसरत जाणार, हे बऱ्याच अंशी या कापडावर ठरतं.

थंड टायर एवढा धोकादायक का?

बाईक आणि रस्ता यांचा संबंध येतो तो टायरच्या फक्त दोन छोट्या ठिपक्यांतून. एकेक ठिपका साधारण तळहाताएवढा. ब्रेक लावणं, वळणं, वेग घेणं, सगळं या दोन ठिपक्यांच्या भरवशावर चालतं.

हे ठिपके रस्त्याला धरून ठेवतात ते रबराच्या लवचिकपणामुळे. ट्रॅकचा डांबरी पृष्ठभाग जवळून पाहिला तर खडबडीत असतो. मऊ रबर त्या खाचाखळग्यांत दाबलं जातं आणि पृष्ठभागाला घट्ट चिकटूनही राहतं. रबर थंड असेल तर ते कडक राहतं, खाचांमध्ये नीट बसत नाही आणि वरूनच सरकतं.

रेसिंगच्या टायरमध्ये ही अडचण जास्त जाणवते. रोजच्या वापराच्या टायरचं रबर थंडीत, पावसात, ऊन नसताना, सगळीकडे बऱ्यापैकी चालेल असं बनवलेलं असतं. रेसिंगच्या टायरचं रबर एकाच कामासाठी बनतं: गरम झाल्यावर जास्तीत जास्त पकड द्यायची. त्यामुळे रेसिंगचा स्लिक टायर साधारण ८० अंश सेल्सिअसच्या आसपास आणि त्याच्या पुढे खऱ्या अर्थाने काम करू लागतो. तोच टायर थंड असताना साध्या टायरपेक्षाही कमी भरवशाचा असू शकतो.

थंड टायर घसरण्याआधी इशाराही फारसा देत नाही. पुढचा टायर सुटला तर बाईक क्षणात आडवी होते. मागचा टायर सुटला तर प्रकार आणखी वाईट होऊ शकतो. टायर आधी सरकतो, मग अचानक पुन्हा पकडतो आणि त्या झटक्याने रायडर बाईकवरून हवेत फेकला जातो. याला हायसाइड म्हणतात. रेसिंगमधल्या गंभीर दुखापतींमागे अनेकदा हाच प्रकार असतो.

वॉर्मर नेमकं काय करतो?

वॉर्मरची रचना साधी आहे. आत तापणाऱ्या तारांचं जाळं, टायरच्या बाजूला उष्णता सहन करणारं कापड, बाहेरच्या बाजूला उष्णता अडवणारा थर आणि तापमान ठरावीक अंशावर राखणारा थर्मोस्टॅट. साध्या वॉर्मरमध्ये तापमान साधारण ८० अंशांवर ठरलेलं असतं. महागड्या वॉर्मरमध्ये ते कमीजास्त करता येतं आणि डिजिटल डिस्प्लेवर दिसतं.

खरं काम टायरचा वरचा थर तापवण्याचं नाही, पूर्ण टायर तापवण्याचं आहे. फ्रिजमधली भाजी घाईघाईत गरम केली की कडेला वाफा येतात आणि मध्ये ती गारच राहते. टायरचंही तसंच होतं. दहा मिनिटांत वरचं रबर हाताला गरम लागतं, पण आतलं रबर, टायरचा सांगाडा, आतली हवा आणि धातूची रिम थंडच असते. असा टायर घेऊन बाहेर पडलं की वरची ऊब काही वळणांतच निघून जाते.

म्हणून वॉर्मर किमान अर्धा तास आणि हवा थंड असेल तर तासभर लावून ठेवतात. चाकाची रिम हाताला चांगली गरम लागली, की टायर आतपर्यंत तापला असं समजतात.

याचा दुसरा फायदा टायरच्या आयुष्यात दिसतो. वरून तापलेला आणि आतून गार टायर जोरात पळवला तर त्याचं रबर फाटू लागतं, पृष्ठभागावर ओरखडे आणि पापुद्रे दिसतात. याशिवाय टायर पूर्ण तापून पूर्ण थंड झाला की प्रत्येक वेळी त्याचं रबर थोडं कडक होत जातं. दोन सेशनच्या मध्ये वॉर्मर लावून ठेवला तर दिवसभरात असे चढउतार कमी होतात.

हवेच्या दाबाचं गणित

टायर तापला की आतली हवाही तापते आणि दाब वाढतो. हा फरक किरकोळ नसतो. २५ अंशांना टायरमध्ये ३० पीएसआय हवा भरली आणि टायर आतपर्यंत ८० अंशांना गेला, तर दाब साधारण ३८ पीएसआय होतो. उलट, ८० अंशांना ३० पीएसआय दाब असलेला टायर २५ अंशांपर्यंत थंड झाला तर तिथे फक्त २३ पीएसआयच्या आसपास दाब उरतो.

दाब जास्त झाला तर टायर फुगतो, रस्त्याला टेकणारा ठिपका लहान होतो आणि पकड कमी होते. दाब फार कमी झाला तर टायर हवा तसा आकार धरत नाही, जास्त वाकतो आणि त्याच्या सांगाड्यावर ताण येतो. म्हणून रेसिंगमध्ये टायर थंड असताना हवा मोजून भागत नाही. वॉर्मरवर टायर पूर्ण तापल्यावर दाब तपासतात आणि टायर कंपनीने गरम टायरसाठी सांगितलेल्या आकड्यावर आणतात. याला 'हॉट प्रेशर' म्हणतात. वॉर्मर नसेल तर दाब नेमका किती अंशांवर मोजलाय हेच कळत नाही आणि त्या आकड्याला अर्थ उरत नाही.

हा मुद्दा किती मोठा आहे ते २ मार्च २०२५ रोजी थायलंडच्या बुरीराममध्ये दिसलं. मोटोजीपीत पुढच्या टायरचा दाब १.८ बारच्या, म्हणजे साधारण २६ पीएसआयच्या, खाली जाऊ नये असा नियम आहे. मुख्य रेसमध्ये किमान ६० टक्के लॅप्स त्या मर्यादेच्या वर राहावं लागतं, नाहीतर १६ सेकंदांची शिक्षा होते. मार्क मार्केज रेसमध्ये आघाडीवर होता. समोर कोणी नसल्यामुळे पुढच्या टायरला थंड हवा मिळत होती आणि दाब हवा तेवढा चढत नव्हता. सातव्या लॅपमध्ये त्याने मुद्दाम वेग कमी केला, भाऊ अॅलेक्सला पुढे जाऊ दिलं आणि त्याच्या मागे राहिला. पुढच्या बाईकमागची गरम हवा लागली की टायर तापतो आणि दाब वाढतो. लॅप्सचा हिशोब पूर्ण झाल्यावर शेवटच्या तीन लॅप्समध्ये त्याने भावाला मागे टाकलं आणि रेस जिंकली.

आपल्याकडे एवढं ऊन, मग वॉर्मर कशाला?

भारतीय वाचकाच्या मनात हा प्रश्न येणारच. सप्टेंबर २०२३ मध्ये ग्रेटर नोएडाच्या बुद्ध इंटरनॅशनल सर्किटवर मोटोजीपी झाली, तेव्हा उकाडा इतका होता की मुख्य रेस २४ लॅप्सवरून २१ लॅप्सवर आणली गेली. रायडर घामाने निथळत होते.

पण टायरच्या दृष्टीने हे ऊन अपुरंच आहे. हवेचं तापमान ३५ अंश आणि ट्रॅकचं ५० अंश धरलं, तरी रेसिंग टायरला लागणाऱ्या ८० अंशांपासून ते बरंच लांब आहे. उन्हाचा फायदा एवढाच, की टायर लवकर तापतो आणि वॉर्मर काढल्यानंतर हळू थंड होतो. सकाळचं पहिलं सेशन, ढगाळ हवा किंवा वारा असेल तर तेवढाही फायदा मिळत नाही.

वॉर्मर काढल्यानंतर काय?

वॉर्मर काढला त्या क्षणापासून टायर थंड होऊ लागतो. वरचा थर काही मिनिटांतच ऊब गमावतो, आतला भाग जास्त वेळ धरून ठेवतो. पुढे तापमान टिकवायचं काम रायडरच्या वेगाचं. जोरात ब्रेक लावणं आणि जोरात वेग घेणं, यातून टायर दाबला जातो, वाकतो आणि आतून तापतो. वॉर्मर लावून बाहेर पडलेला रायडर पहिले दोन लॅप्स रमतगमत फिरला, तर वॉर्मरची मेहनत वाया जाते आणि तिसऱ्या लॅपमध्ये तो थंड टायरवर वेग वाढवतो.

अनेक जण टायर तापवायला बाईक डावीउजवीकडे झिगझॅग करतात. कारमध्ये त्याचा उपयोग होतो, बाईकमध्ये फारसा नाही. बाईक नुसती कलते, टायरवर पुरेसा भार येत नाही. उलट थंड कडांवर बाईक अचानक कलल्याने पडण्याचा धोका वाढतो. बाईक सरळ असताना हळूहळू वाढवत नेलेलं ब्रेकिंग आणि अॅक्सिलरेशन जास्त कामाचं.

वॉर्मरने दोन्ही बाजू सारख्या तापवल्या तरी ट्रॅक त्या सारख्या ठेवतोच असं नाही. जर्मनीच्या झाक्सनरिंग सर्किटवर १३ वळणं आहेत, त्यातली १० डावी आणि फक्त ३ उजवी. एकामागून एक डावी वळणं घेत रायडर उतारावरच्या अकराव्या, उजव्या वळणावर येतात, तोपर्यंत टायरची उजवी बाजू थंड झालेली असते. हे वळण पडण्यासाठी बदनाम आहे. म्हणून अशा ट्रॅकसाठी दोन बाजूंना वेगवेगळं रबर असलेले टायर दिले जातात.

वॉर्मर नसतील तर?

चार चाकांच्या रेसिंगमध्ये हे करून पाहिलं गेलं. वीज वाचावी आणि प्रदूषण कमी व्हावं म्हणून जागतिक एन्ड्युरन्स चॅम्पियनशिपने २०२३ मध्ये कारच्या टायर वॉर्मरवर बंदी घातली. त्या वर्षी स्पा सर्किटवरच्या गार हवेत अनुभवी ड्रायव्हरांनाही गाडी सांभाळता आली नाही. पिटमधून थंड टायरवर बाहेर पडलेली फेरारीची ५० नंबरची कार लगेचच अपघातात सापडली. त्यानंतर ल मांच्या २४ तासांच्या रेसपुरती बंदी उठवावी लागली. चार चाकं जमिनीवर असताना ही गत, तर दोन चाकांवर काय होईल याचा अंदाज येतो.

मग प्रत्येक ट्रॅक डेला वॉर्मर हवाच का?

नाही. पुण्या-मुंबईचे अनेक रायडर चेन्नई किंवा कोइमतूरच्या ट्रॅकवर बाईक चालवायला जातात, त्यातले बहुतेक रस्त्यावरचेच स्पोर्ट टायर वापरतात. हे टायर कमी तापमानातही काम करतात आणि दोनेक लॅप्स संयमाने चालवले की तयार होतात. त्यांच्यासाठी वॉर्मरपेक्षा दाब मोजायचं चांगलं गेज आणि पहिल्या दोन लॅप्सचा संयम जास्त मोलाचा. स्लिक किंवा रेसिंग रबरचे टायर लावले असतील, तर मात्र वॉर्मर ही चैन राहत नाही, गरज होते.

वॉर्मर वापरायचाच असेल तर काही गोष्टी पाळाव्या लागतात:

- बाईक पुढे-मागे पक्क्या पॅडॉक स्टँडवर हवी. वॉर्मर टायरला सर्व बाजूंनी नीट चिकटलेला हवा, कडा उघड्या राहू नयेत.
- तापमान आणि हॉट प्रेशर टायर कंपनीने सांगितलं तेवढंच ठेवायचं. जास्त तापवल्याने ग्रिप वाढत नाही, रबर खराब होतं. पावसाळी टायरला तर बरंच कमी तापमान लागतं.
- जनरेटरची क्षमता आधी तपासायची. दोन्ही वॉर्मर मिळून बरीच वीज ओढतात.
- पेट्रोल भरताना वॉर्मर बंद हवेत. ओल्या जमिनीवर वायरचे जोड पडू द्यायचे नाहीत.
- ट्रॅकवर जायची वेळ झाली की हेल्मेट, ग्लोव्हज घालून तयार व्हायचं आणि मगच वॉर्मर काढायचे.

रस्त्यावर बाईक चालवणाऱ्याला वॉर्मरची गरज नाही, पण त्यामागचं कारण त्यालाही लागू होतं. हिवाळ्यात पहाटे घाटाकडे निघालेल्या बाईकचे टायर रात्रभर गारठलेले असतात, तेव्हा पहिले काही किलोमीटर बाईक कमी कलवणं आणि ब्रेक हळुवार लावणं शहाणपणाचं. नव्या कोऱ्या टायरवर तर ही काळजी आणखी घ्यावी लागते, कारण त्याचा गुळगुळीत पृष्ठभाग घासला जाईपर्यंत पूर्ण पकड मिळत नाही.