यंत्राला जामीन कोण?

वस्तू घेताना आपण किंमत विचारतो. ती बंद पडली तर काय होईल, हे सहसा विचारत नाही. आपल्याकडे स्कूटर बंद पडली, तर माणूस ती ढकलत कोपऱ्यावरच्या गॅरेजपर्यंत नेतो. कॅनडाच्या उत्तर भागात उणे तीस अंशांत, वस्तीपासून दूर स्नोमोबाईल बंद पडली, तर ढकलायला रस्ताच नसतो. गुलमर्गला आपले पर्यटक हौसेने जिच्यावर फेरी मारतात, तीच ही गाडी. पुढे दोन स्की, मागे रबरी पट्टा.

या वाहनाच्या इतिहासात एका मुलाचा मृत्यू आहे. १९३४ च्या हिवाळ्यात क्वेबेकमधील मेकॅनिक जोसेफ-आर्मान बोंबार्डिए यांचा दोन वर्षांचा मुलगा आजारी पडला. बर्फाने वाटा बंद. रुग्णालय गाठता आले नाही आणि मूल दगावले. बर्फावरच्या गाडीचे त्यांचे प्रयोग आधीपासून चालू होते. त्यांना आता वेगळेच निकडीचे कारण मिळाले. १९३७ मध्ये त्यांनी सातजणांची गाडी आणली आणि १९५९ मध्ये हलकी ‘स्की-डू’.

सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला उत्तर अमेरिकेच्या बाजारात शंभरावर उत्पादक होते. पुढे मोठे असे चारच उरले : स्की-डू, पोलारिस, आर्क्टिक कॅट आणि यामाहा. त्यातल्या दोघांनी अलीकडे गिऱ्हाइकाला चांगलेच कोड्यात टाकले होते. यामाहाची ‘साइडवाइंडर’ आणि आर्क्टिक कॅटची ‘थंडरकॅट’ ही जवळजवळ जुळी भावंडे. दोहोंत यामाहाचे ९९८ सीसीचे टर्बो इंजिन, दोहोंचा सांगाडा आर्क्टिक कॅटचा, आणि बांधणी मिनेसोटातल्या एकाच कारखान्यात. रंग, क्लच, सस्पेन्शन यांत थोडाफार फरक. मग निवडायचे कशावरून?

बँकेत वाहनकर्जाचे अर्ज पाहताना मी एक गोष्ट शिकलो. तारण कसे आहे हे पाहावेच. पण जामीनदार कोण, हेही पाहावे. यंत्राचा जामीनदार म्हणजे त्याचे सुटे भाग देणारा आणि दुरुस्त करणारा. यामाहाने २०२३ मध्ये हा धंदा टप्प्याटप्प्याने बंद करण्याचे जाहीर केले. उत्तर अमेरिकेसाठी २०२५ ची मॉडेले शेवटची ठरली. आर्क्टिक कॅट २०१७ मध्ये टेक्स्ट्रॉनकडे गेली होती. २०२४ च्या अखेरीस उत्पादन थांबवण्याची घोषणा झाली आणि २०२५ मध्ये ती नव्या मालकांच्या हाती आली. इंजिन तेच, पण जामीनदार बदलले! म्हणून शोरूममधल्या कागदापेक्षा आपल्या गावापासून मेकॅनिक किती लांब आहे, हा प्रश्न मोठा.

दुसरा प्रश्न कामाचा. टू-स्ट्रोक इंजिन हलके, खोल भुसभुशीत बर्फात चपळ. पण ते तेलही जाळते. फोर-स्ट्रोक जड, पण इंधनाला किफायती आणि दीर्घायुषी. पंख्याने थंड होणारे साधे इंजिन वेगात मागे पडते, पण त्यात बिघडायला कमी असते. पाण्याने थंड होणाऱ्या गाडीला पट्ट्याने उडवलेला बर्फ लागतो. कडक, उघड्या बर्फावर ती तापते. ओझे ओढणाऱ्याने शर्यतीची गाडी घेणे म्हणजे बैलाऐवजी रेसचा घोडा औताला जुंपणे.

जुनी गाडी घेणाऱ्याने चकचकीत रंगावर जाऊ नये. इंजिनाचे कॉम्प्रेशन मोजावे, पट्टा आणि त्याखालच्या प्लास्टिकच्या घसरपट्ट्या पाहाव्यात, क्लच तपासावा, हवेच्या पेटीत उंदरांनी घरटे केले आहे का हेही बघावे. उन्हाळाभर गाडी पडून असते. आणि गाडी कोणतीही घ्या, क्लचचा जादा बेल्ट बरोबर हवाच.

दोन सारख्या वस्तूंत स्वस्त असेल ती घ्यावी, हा हिशेब शहरात चालतो. जिथे परतीची वाट यंत्राच्या भरवशावर असते, तिथे चार पैसे जास्त मोजून जवळचा मेकॅनिक विकत घेणे, हीच खरी काटकसर.