नेट गेलं? आधी घड्याळ बघा!

इंटरनेटच्या पूर्वजाचा, म्हणजे अर्पानेटचा, पहिला निरोपच अर्धवट राहिला. २९ ऑक्टोबर १९६९ च्या रात्री लॉस एंजेलिसमधल्या विद्यापीठातून स्टॅनफर्डकडच्या संगणकाला ‘लॉगिन’ हा शब्द धाडायचा होता. ‘एल’ पोचलं, ‘ओ’ पोचलं आणि पलीकडचं यंत्र कोलमडलं. तेव्हा ऐन मीटिंगमध्ये तुमचं नेट गेलं, तर घराण्याची परंपरा समजा!

‘नेट नाही’ म्हणून आपण थेट कंपनीला फोन लावतो. पण संगणक चहाडखोर असतो, घोटाळा कुठे आहे ते सांगून टाकतो. त्याचा आयपी पत्ता बघा. १६९.२५४ ने सुरू होतोय? मग राउटरनं पत्ता दिलेलाच नाही. बारशाला आत्या आली नाही म्हणून बाळानं स्वतःच स्वतःचं नाव ठेवावं, तसं झालंय. केबल आणि राउटर तपासा.

आता ८.८.८.८ या पत्त्याला पिंग करा, म्हणजे हाक मारून बघा. उत्तर येतंय, पण साइट उघडत नाही? मग दोष बहुतेक डीएनएसचा, म्हणजे नावावरून नंबर काढून देणाऱ्या डायरीचा. ही डायरी १९८३ मध्ये पॉल मोकापेट्रिस यांनी रचली. त्याआधी सगळ्या संगणकांची नावं एकाच फाइलमध्ये असायची! ‘पिंग’ही त्याच वर्षीचं. माइक मूस यांनी डिसेंबरातल्या एका संध्याकाळी ते लिहून काढलं आणि नाव दिलं पाणबुडी शोधणाऱ्या सोनारच्या आवाजावरून.

सगळ्यात गमतीशीर गुन्हेगार म्हणजे घड्याळ. जुन्या डेस्कटॉपच्या मदरबोर्डवर नाण्याएवढा सेल असतो, सीआर२०३२. तो संपला की वीज गेल्यावर संगणक तारीख विसरतो आणि कित्येक वर्षं मागे जाऊन बसतो. साइटची ओळख पटवणाऱ्या प्रमाणपत्राला मात्र ‘या तारखेपासून त्या तारखेपर्यंत’ अशी मुदत असते. भूतकाळातल्या संगणकाला ते अजून जन्मलेलंच दिसत नाही आणि ब्राउझर ओरडतो, ‘कनेक्शन सुरक्षित नाही!’ तारीख दुरुस्त करा, सेल बदला, संपलं.

वेल्समधल्या ॲबरहोसन गावाचं दुखणं मात्र इतकं सोपं नव्हतं. दीड वर्ष तिथलं ब्रॉडबँड रोज सकाळी ७ वाजता मान टाकायचं. तारा बदलल्या, फरक शून्य. शेवटी २०२० मध्ये इंजिनिअर पहाटे यंत्र घेऊन गावभर फिरले, तेव्हा एका घरातला सेकंडहँड टीव्ही सापडला. मालक सकाळी तो लावायचा आणि त्याच्या विद्युत गोंगाटानं गावाचं नेट बसायचं. बिचारा इतका ओशाळला, की टीव्ही परत लावणार नाही म्हणाला.

आपल्याकडचा मायक्रोवेव्हही वायफायच्याच २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात चालतो. पोहे गरम होताना व्हिडिओ अडकला, तर राउटर ओट्यापासून लांब हलवा.

काहीच जमलं नाही तर राउटरचा प्लग काढा आणि अर्धा मिनिट थांबा. आतल्या कपॅसिटरमध्ये उरलेला विजेचा घोट संपू द्यावा लागतो. तोवर स्पेसबार दाबून क्रोममधला डायनासोर पळवा. २०१४ पासून नेट नसलेल्यांच्या सोबतीला असलेला हा खेळ संपायला १ कोटी ७० लाख वर्षं लागतील, असा त्याच्या कर्त्यांचा हिशेब आहे. मधेच जरा उठून प्लग तेवढा परत लावा.