अल्बममधली चांदी जाते कुठे?

लग्नाच्या अल्बमची ऑर्डर घेताना स्टुडिओवाला विचारतो, ‘ग्लॉसी की मॅट?’ त्याआधी आपण त्याला विचारायला हवं, की पानावर रंग कसा चढणार?

जुना आणि अजूनही तग धरून असलेला मार्ग सिल्व्हर हॅलाइड कागदाचा. या कागदावरच्या जिलेटिनच्या थरांत मुख्यतः सिल्व्हर क्लोराइडचे कण असतात. लाल, हिरव्या आणि निळ्या लेझरने त्यांवर फोटो उमटवतात आणि कागद साधारण 35 अंश सेल्सिअसच्या डेव्हलपरमध्ये पाऊण मिनिट बुडवतात. प्रकाश पडलेल्या कणांची चांदी होते. त्या झटापटीत बदललेला डेव्हलपर थरातल्या ‘कपलर’ रसायनांशी जुळतो आणि सायन, मॅजेंटा, पिवळा रंग जन्मतो. ही युक्ती जर्मन रसायनज्ञ रुडॉल्फ फिशर यांची, 1912 च्या सुमाराची. पुढच्या द्रावणात चांदी विरघळवून काढून टाकतात. मोठ्या लॅब ती परत मिळवतात. म्हणजे ‘सिल्व्हर’ म्हणून विकल्या जाणाऱ्या रंगीत प्रिंटमध्ये चांदी जवळपास नसतेच! उरतो सलग रंग. नवरीच्या गालावरची हळद हनुवटीच्या सावलीत कुठे विरते, ते बोट ठेवून दाखवताच येत नाही.

दुसरा मार्ग इंडिगो या डिजिटल प्रेसचा. तिचं तंत्र वेगळं. बेनी लांडा यांच्या कंपनीने 1993 मध्ये आणलेल्या या यंत्रात विद्युतभारित कणांची द्रव शाई ड्रमवरून तापलेल्या रबरी ब्लँकेटवर आणि तिथून कागदावर जाते. भिंग धरलं, की ठिपके दिसतात. मात्र पातळ कागदावर दोन्ही बाजूंनी छपाई होते आणि बारीक अक्षरं रेखीव येतात, म्हणून मजकूर भरपूर असलेल्या प्रवासाच्या फोटोबुकला मी हेच निवडेन. शाईचा थर वरवर बसतो, त्यामुळे घडीवर तो तडकू शकतो. तिसरा मार्ग पिगमेंट शाईच्या इंकजेट छपाईचा. तो भिंतीवरच्या मोठ्या फोटोला उत्तम. जाड अल्बमला तो बहुधा महाग पडतो.

आता टिकाऊपणा. सत्तरच्या दशकातले फोटो लालसर झाले, की आपण उन्हाला दोष देतो. पण त्यांतले बरेच तर बंद कपाटात होते! तेव्हाचा सायन रंग अंधारातही विघटित होत असे आणि मागे लाली उरे. आजचे कागद याबाबत खूप सुधारले आहेत. जिलेटिन मात्र तेच आहे. कोकणातल्या पावसाळ्यात ते ओल धरतं, त्यावर बुरशी वाढते आणि पानं एकमेकांना चिकटतात. त्यामुळे अल्बम सिल्व्हर हॅलाइडचा असेल, तर लॅमिनेशनचे पैसे वाचवू नयेत.